१२० मीटर खोल पाण्यासाठी ड्रेजरची रचना: पंप कुठे बसवावा आणि जहाजाची लांबी कशावरून ठरवावी?

प्रश्न: जहाजरचना_अंतिमवर्ष

नमस्कार. मी जहाजरचना शाखेच्या अंतिम वर्षात शिकत असून प्रकल्पासाठी ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजरची, म्हणजे संथ गतीने चालत राहून तळाची वाळू पाइपाने ओढून स्वतःच्या पोटातील हॉपरमध्ये साठवणाऱ्या जहाजाची, प्राथमिक रचना करीत आहे. पाण्याची खोली १२० मीटर, तळ मध्यम वाळूचा आणि हॉपरची क्षमता १६,००० घनमीटर अशा अटी मला घालून देण्यात आल्या आहेत.

एवढ्या खोलीवर ड्रेजिंगची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटर दूर, ग्रँड बँक्स या उथळ पठारावर, टेरा नोव्हा आणि व्हाइट रोझ ही तेलक्षेत्रे आहेत. उत्तरेकडून वाहत येणारे मोठे हिमनग तिथे समुद्रतळ खरवडत जातात. म्हणून तेलविहिरींची तोंडे तळाच्या पातळीवर न ठेवता खणून काढलेल्या रुंद खड्ड्यांमध्ये बसवावी लागली. व्हाइट रोझजवळ पाणी सुमारे १२० मीटर खोल आहे आणि माझ्या प्रकल्पातील आकडा तिथूनच घेतला आहे.

पाठ्यपुस्तकांतील क्रम असा आहे की आधी हॉपरचे आकारमान घ्यावे, त्यावरून विस्थापन, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, काढावे, त्यावरून लांबी-रुंदी ठरवावी आणि शेवटी पंप व पाइप निवडावेत. बंदराच्या वाहिनीत २० ते ३० मीटर खोलीवर काम करणाऱ्या जहाजांसाठी हा क्रम व्यवस्थित चालतो. १२० मीटरसाठी मात्र तो चालत नाही असे दिसते, कारण त्यातून येणारा पाइप जहाजावर मावत नाही आणि जहाजाच्या पोटात बसवलेल्या पंपाचे गणित जुळत नाही. माझे तीन प्रश्न आहेत. पंप जहाजातून काढून पाइपवर किती खोलीला बसवावा? जहाजाची लांबी कशावरून ठरवावी? आणि स्थैर्याच्या दृष्टीने उथळ पाण्यातील ड्रेजरपेक्षा वेगळे असे काय तपासावे? जाणकारांनी आकड्यांसह मार्गदर्शन केल्यास फार उपकार होतील.

उत्तर: रेतीपंप

तुम्हाला जाणवलेली अडचण खरी आहे आणि तिचे कारण सरळ भौतिकशास्त्रात आहे. खोल पाण्याच्या ड्रेजरची रचना हॉपरपासून नव्हे, पंपापासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी गेली बरीच वर्षे ड्रेज पंपांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की काठावरची मोटार पाणी धरीत नाही आणि ती खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात हवेचा दाब पाण्याला वर ढकलत असतो आणि तो दाब जेमतेम १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच असतो. ड्रेजरच्या बाबतीत बाहेरचे समुद्राचे पाणीही ढकलायला मदत करते, पण ते फक्त स्वतःच्या घनतेपुरतेच. पाइपमधील वाळू-पाण्याचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा जड असते आणि हा जास्तीचा भार खोलीबरोबर वाढत जातो. गोड्या पाण्याच्या तुलनेत समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ आणि मिश्रणाची १.३ धरली, तर दर मीटर खोलीमागे ०.२७५ मीटर हेड, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब, केवळ या फरकापायी खर्च होते.

आता हिशेब मांडू. पंपाच्या तोंडाशी उरणारा निरपेक्ष दाब, पाण्याच्या मीटरमध्ये, असा येतो: १०.३ मध्ये समुद्राच्या खोलीची १.०२५ पट मिळवायची आणि तळापासून पंपापर्यंतच्या उभ्या अंतराला मिश्रणाच्या घनतेने गुणून आलेली संख्या वजा करायची. त्यातून ड्रॅगहेडच्या, म्हणजे तळावर ओढल्या जाणाऱ्या पाइपच्या टोकाच्या, तोंडाशी, वळणांवर आणि घर्षणात होणारी घट, जी सुमारे ४ मीटर धरता येईल, तीही वजा करायची. एवढे करून किमान २.५ मीटर दाब शिल्लक राहायला हवा, नाहीतर पंपाच्या पात्यांवर पाण्याची वाफ होऊन कॅव्हिटेशन सुरू होते, प्रवाह तुटतो आणि पात्यांना खड्डे पडतात. थोडक्यात, घट आणि राखीव मिळून ६.५ मीटर बाजूला ठेवा.

पंप जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली ६ मीटरवर असेल, तर १.३ घनतेचे मिश्रण साधारण ४२ मीटर खोलीपर्यंतच ओढता येते. घनता १.२ वर आणली तर हीच मर्यादा ६३ मीटरपर्यंत जाते. म्हणजे खोल गेल्यावर पंप बंद पडतो असे नाही. तो अधिकाधिक पातळ मिश्रण देऊ लागतो. तुमच्या १२० मीटरला तो कसाबसा १.११ घनतेचे मिश्रण ओढेल आणि त्यात वाळूच्या कणांचे प्रमाण आकारमानाने पाच-साडेपाच टक्केच असेल. जहाज चालेल, इंधन जळेल, पण वर येईल ते बहुतांशी पाणीच.

तोच पंप पाइपवर खाली नेला की चित्र पालटते. याच सूत्राने १२० मीटर खोलीसाठी १.३ घनतेला पंप पाण्याखाली सुमारे २२.५ मीटरवर, १.४ ला २९.५ मीटरवर आणि १.५ ला ३५.५ मीटरवर असायला हवा. माझा सल्ला असा की १.४ हे लक्ष्य ठेवून पंप ३५ मीटरवर बसवावा. वाळू अचानक दाट लागली तरी तो तग धरील. त्याहून फार खाली नेण्यात मला अर्थ दिसत नाही. पंप खाली नेल्याने एकूण लागणारे हेड कमी होत नाही, ते आहे तेवढेच राहते. बदलतो तो फक्त पंपाच्या तोंडाशी असलेला दाब. उलट पंपाचे आणि मोटारीचे वजन पाइपच्या टोकाकडे सरकते, विद्युत केबल लांबते आणि दुरुस्तीसाठी तो वर आणणे अवघड होते.

शक्तीचाही अंदाज घ्या. पाइपचा आतील व्यास १.१ मीटर आणि वेग सेकंदाला ६ मीटर धरला तर प्रवाह सुमारे ५.७ घनमीटर प्रति सेकंद येतो. वेग याहून फार कमी करता येत नाही, कारण वाळू तळाशी न बसता वाहत राहण्यासाठी लागणारा किमान वेग पाइपच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मोठा पाइप घेऊन हळू चालवू, ही पळवाट बंद आहे. १.४ घनतेला घनतेच्या फरकापायी ४५ मीटर, समुद्रपातळीवर सुमारे १० मीटर उंच असलेल्या हॉपरमध्ये मिश्रण सोडणाऱ्या नाळेपर्यंत चढवण्यासाठी १४ मीटर आणि सर्व घट मिळून १२ मीटर असे एकूण ७१ मीटर हेड लागेल. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर मोटार सुमारे ५,३०० किलोवॉटची हवी. एवढी मोटार पाण्याखाली चालवायची म्हणजे तेलाने भरलेले, बाहेरच्या पाण्याशी दाब जुळवून घेणारे कवच, फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टरवर चालणारी विद्युत व्यवस्था आणि शाफ्टच्या सीलला सतत स्वच्छ पाण्याचा पुरवठा, हे सगळे आलेच. यातले सील हे सर्वांत नाजूक अंग आहे. वाळूचे बारीक कण तिथे एकदा शिरले की ते सील झपाट्याने झिजवतात. म्हणून धुण्याच्या पाण्याचा दाब पंपातील दाबापेक्षा नेहमी चढा ठेवावा लागतो आणि त्यासाठी वेगळी वाहिनी पाइपवरून खाली न्यावी लागते. तुमच्या आराखड्यात ही वाहिनी जरूर दाखवा, कारण विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत ती हमखास राहून जाते.

या सगळ्याचा फायदा शेवटी वेळेत मोजावा. १.४ घनतेच्या मिश्रणातून, हॉपरमधून बाहेर वाहून जाणारी वाळू बाजूला ठेवली तर, १६,००० घनमीटरचा हॉपर सुमारे दोन तासांत भरेल. पोटातल्या पंपाच्या १.११ घनतेने त्यालाच पावणेनऊ तास लागतील. हा फरक पाहिल्यावर पाण्याखालचा पंप घ्यावा की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

उत्तर: सागवान_ते_पोलाद

वर पंपाविषयी जे लिहिले आहे ते योग्यच आहे. मी जहाजाच्या सांगाड्याच्या बाजूने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

लांबी पाइपवरून ठरते. पाइप जहाजाच्या कुशीतून, पाण्याखाली सुमारे ६ मीटरवर असलेल्या सरकत्या जोडापासून निघतो असे धरले, तर त्याला ११४ मीटर खाली जायचे आहे. उथळ पाण्यातील ड्रेजरांत पाइपचा कोन क्षितिजाशी साधारण ४५ अंशांच्या आत ठेवण्याची प्रथा आहे. त्या कोनाला १६१ मीटर पाइप लागतो. ५० अंशांना १४९ मीटर आणि ५५ अंशांना १३९ मीटर लागतो. कोन वाढवला की पाइप आखूड होतो हे खरे, पण जहाज पुढे जात असताना ड्रॅगहेड तळावर ओढले जाण्याऐवजी टोचले जाऊ लागते आणि तळाच्या उंचसखलपणाचा धक्का थेट पाइपला बसतो. मी ५० अंश घेईन, म्हणजे सुमारे १५० मीटर पाइप.

हा पाइप वापरात नसताना डेकवर, जहाजाच्या एका बाजूला, त्याच्या पाळण्यांत आडवा ठेवायचा असतो. सरकता जोड पुढच्या बाजूला आणि ड्रॅगहेड मागच्या बाजूला. जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचा अरुंद भाग यासाठी उपयोगी पडत नाही. त्यामुळे १५० मीटरचा पाइप ठेवायला जहाज १८० ते १९० मीटर लांब हवे. १६,००० घनमीटर हॉपरच्या जहाजाला स्वतःच्या भारासाठी एवढी लांबी लागत नाही. म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: हॉपर मोठा करून लांबी सत्कारणी लावणे किंवा पाइप तुकड्यांत जोडता येईल असा करून नेहमीच्या कामासाठी आखूड आणि खोल कामासाठी लांब ठेवणे. जगातील मोठ्या जहाजांनी पहिली वाट धरलेली दिसते. बेल्जियन कंपनी यान डे नुलच्या क्रिस्तोबाल कोलोन आणि लीव एरिक्सन या जहाजांचा हॉपर ४६,००० घनमीटरचा, लांबी २२३ मीटर आणि ड्रेजिंगची खोली १५५ मीटरपर्यंत आहे. तो प्रचंड हॉपर आणि ती खोली एकाच जहाजात आली यामागे वाळू दूरवरून आणण्याचे अर्थकारण आहेच, पण लांब पाइपला लांब जहाज लागते हेही आहे. डच कंपनी बॉस्कालिसचे क्वीन ऑफ द नेदरलँड्स हे जहाज तर १९९८ साली बांधल्यानंतर पुढे मध्ये कापून लांब करण्यात आले. तुमच्या मार्गदर्शकांशी बोलून १६,००० घनमीटरची अट सैल करता येते का, हे अवश्य पाहा. ती अट आणि खोलीची अट एकमेकींशी भांडत आहेत.

आता स्थैर्य. खोल कामासाठी बहुतेक जहाजे एकाच बाजूला लांब पाइप लावतात. १.१ मीटर व्यासाच्या, २५ मिलिमीटर जाडीच्या १५० मीटर पाइपचे पोलादच सुमारे १०० टन भरते. त्यात पंप, मोटार, सांधे, ड्रॅगहेड आणि केबल धरून २५० टन घ्या. पाइप बाहेर लोंबताना त्याचे वजन मध्यरेषेपासून सुमारे १७ मीटरवर येते, म्हणजे ४,२५० टन-मीटरचे आघूर्ण. जहाज भरलेले असताना विस्थापन ३५,००० टन आणि मेटासेंट्रिक उंची (ती जितकी जास्त तितके जहाज कमी कलते) २ मीटर असेल तर जहाज साडेतीन अंश कलते. रिकामे असताना मेटासेंट्रिक उंची जास्त असली तरी विस्थापन कमी असल्याने कल चार अंशांच्या आसपासच राहतो. तो सावरायला दुसऱ्या बाजूला सव्वातीनशे टन पाणी भरावे लागेल. आकडा भयंकर नाही, पण पाइप पाण्यात शिरताना त्याचे वजन उत्प्लावनाने घटते, हॉपर भरताना विस्थापन बदलते आणि पाइप वर घेताना सारे उलटे होते. त्यामुळे एकच तक्ता पुरणार नाही. पाइप पाळण्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी, तळाशी आणि हवेत लोंबता अशा प्रत्येक स्थितीसाठी हॉपर रिकामा, अर्धा आणि पूर्ण भरलेला धरून तपासणी करा. हॉपरमधील पातळ मिश्रणाचा मुक्त पृष्ठभाग सर्वांत घातक अर्धवट भरलेल्या स्थितीत असतो, हे ध्यानात ठेवा.

फ्रीबोर्डबद्दल, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंतच्या उंचीबद्दल, एक गोष्ट आवर्जून सांगतो. ड्रेजरांना सामान्य मालवाहू जहाजापेक्षा कमी फ्रीबोर्डवर काम करायला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मुभा देतात, ती तळाचे दरवाजे उघडून भार झटपट टाकून देता येतो या आधारावर. पण ही मुभा हवामान, लाटांची उंची आणि किनाऱ्यापासूनचे अंतर यांच्याशी जोडलेली असते. मुंबई बंदराच्या वाहिनीत जे चालते ते ग्रँड बँक्ससारख्या किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटर दूरच्या उघड्या समुद्रात गृहीत धरता येणार नाही. खोल पाणी म्हणजे बहुधा उघडे पाणी. तुमच्या रचनेत पूर्ण फ्रीबोर्डवर किती भार मिळतो, हा आकडा स्वतंत्र दाखवा. तोच खरा भार समजा.

उत्तर: पाइपखुर्ची

मी ड्रेजरवर पाइप चालवतो, म्हणजे ब्रिजवरच्या त्या खुर्चीत बसतो जिथून तिन्ही विंच (वायर गुंडाळून पाइप वर-खाली करणारी यंत्रे) आणि पंप हाताळले जातात. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. पण कागदावर उत्तम दिसणारी रचना आमच्या हाती आल्यावर कुठे अडते, ते सांगणे मला गरजेचे वाटते.

सर्वांत आधी विंच. पंप चालू असताना पाइपमध्ये मिश्रण वाहते असते आणि त्याचे पाण्यातले जास्तीचे वजन तुलनेने कमी असते, १.१ मीटर व्यासाच्या १५० मीटर पाइपमध्ये १.४ घनतेला ते साधारण ५३ टन येईल. पण मोटार अचानक बंद पडली तर काय होते? सारी वाळू पाइपमधून खाली घसरते आणि ड्रॅगहेडच्या वर, पाइपच्या खालच्या भागात, घट्ट बसते. पाइपला बूच बसल्यासारखे होते. पुन्हा पंप सुरू करून ती हलत नाही, कारण पंपाला ओढायला पाणीच मिळत नाही. अशा वेळी पाइप वाळूसकट वर घ्यावा लागतो, आणि तोही शेवटच्या विंचने, कारण भार नेमका शेवटच्या टोकाशी असतो. विंच आणि गॅन्ट्री (पाइप जहाजाबाहेर धरणारे सांगाडे) या भारासाठी, शिवाय जहाजाच्या उचलण्या-आदळण्याने येणाऱ्या जास्तीच्या ताणासाठी बेतलेली असावीत. ड्रॅगहेडच्या जरा वर आत स्वच्छ पाणी घेणारी झडप असतेच. खोल कामासाठी ती वीज गेली तरी आपोआप उघडेल अशीच हवी, कारण मोटार बंद पडण्याचे कारण बहुधा वीजच असते.

दुसरे, लाटा. ड्रॅगहेड तळाला टेकलेले राहावे म्हणून वायरीच्या मार्गात स्वेल कॉम्पेन्सेटर असतो; नायट्रोजनने भरलेल्या टाक्यांवर तरंगणारा मोठा हायड्रॉलिक दट्ट्या. जहाज उचलले गेले की तो वायर सोडतो, खाली आले की ओढून घेतो, आणि ड्रॅगहेडवरचे वजन जवळपास सारखे ठेवतो. उथळ पाण्यात वायर आखूड असते. १२० मीटरला वायरच इतकी लांब असते की ती स्वतःच ताणते आणि आखडते, त्यामुळे दट्ट्याची हालचाल आणि ड्रॅगहेडची हालचाल एकमेकांशी जुळत नाहीत. दट्ट्याचा पल्ला ठरवताना वायरीची लवचिकता हिशेबात घ्या. मी पल्ला नेहमी उदार ठेवा म्हणेन. दट्ट्या टोकाला जाऊन ठोकला की सारा धक्का पाइपच्या सांध्यात उतरतो.

तिसरे म्हणजे ड्रॅगहेड नेमके कुठे आहे हे कळणे. साध्या जहाजांत सांध्यांवरच्या कोनमापकांवरून खोली काढतात. ५० अंशांच्या आणि १५० मीटरच्या पाइपमध्ये कोन अर्ध्या अंशाने चुकला तर खोली ८० सेंटिमीटरहून जास्त चुकते. विहिरीच्या तोंडासाठी ठराविक खोलीचा खड्डा खणताना ही चूक परवडणारी नाही. म्हणून ड्रॅगहेडवर दाबमापक आणि त्याच्या जागेसाठी जहाजावरून ध्वनिलहरींनी शोधणारी यंत्रणा, अशी दोन्ही साधने असावीत. आडवा प्रवाहही विसरू नका: सेकंदाला १ मीटर वेगाचा, म्हणजे साधारण दोन नॉटचा प्रवाह १५० मीटर पाइपवर साडेआठ टनांचा आडवा रेटा देतो, केबल आणि वाहिन्या धरल्यास त्याहून अधिक. पाइप जहाजाच्या पोटाखाली सरकू लागतो. त्या दिशेने पाइप असताना जहाज वळवणे धोक्याचे असते, आणि म्हणूनच खोल कामाच्या जहाजाला गतिमान मार्गनियंत्रण, बो थ्रस्टर (जहाजाचे पुढचे टोक आडवे ढकलणारे प्रबळ पंखे) आणि पाइपचा बाजूचा कोन दाखवून वेळीच इशारा देणारी यंत्रणा हवीच.

खुर्चीतून पाहिले तर १२० मीटरवर काम करताना नजर दोन काट्यांवर खिळलेली असते: पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॅक्यूम आणि घनता. घनतामापक बहुधा किरणोत्सारी स्रोतावर चालतो आणि तो जहाजात, हॉपरच्या जवळ बसवलेला असतो. ५० अंशांच्या पाइपमध्ये सेकंदाला ६ मीटर वेगाने वाळू वर यायला २५ सेकंद लागतात. म्हणजे मी जी घनता पाहतो ती २५ सेकंदांपूर्वी ड्रॅगहेडने उचललेल्या वाळूची असते. तेवढ्यात ड्रॅगहेड एखाद्या दाट थरात घुसले तर व्हॅक्यूमचा काटा आधी हलतो आणि घनतेचा काटा मागाहून येतो. नियंत्रण प्रणाली आखणाऱ्याने हा उशीर गृहीत धरून व्हॅक्यूमलाच आधारभूत मानावे. घनतेवर आधारलेली स्वयंचलित यंत्रणा एवढ्या खोलीवर सदैव मागे पडते आणि पाइप भरून बसतो.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: जहाजरचना_अंतिमवर्ष

तिन्ही सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. हॉपरची अट सैल करून क्षमता २४,००० घनमीटर आणि लांबी सुमारे १८५ मीटर धरण्यास मार्गदर्शकांनी संमती दिली आहे. पंप ३५ मीटरवर, पाइपचा कोन ५० अंश आणि एकाच बाजूला लांब पाइप असा निर्णय घेतला आहे. दोन शंका उरल्या आहेत. कटर सक्शन ड्रेजर, म्हणजे फिरत्या दातेरी मस्तकाने कठीण तळ कापणारे जहाज, एवढ्या खोलीसाठी का विचारात घेतले जात नाही? आणि याच पद्धतीने आणखी खोल, समजा १,००० मीटरला, जाता येईल का?

उत्तर: रेतीपंप

कटर सक्शन ड्रेजरची अडचण मुळातच वेगळी आहे. त्याचे मस्तक एका ताठ शिडीच्या टोकाला असते आणि जहाज स्वतःला मागच्या बाजूला तळात रोवलेल्या खांबाभोवती डावी-उजवीकडे वळवते. शिडी ताठ हवी म्हणून लांबी वाढवता येत नाही आणि खांब पाण्याच्या खोलीहून लांब हवा. त्यामुळे अत्यंत मोठी जहाजेही ४५ मीटरच्या आसपास थांबतात. बेल्जियन कंपनी डेमेचे स्पार्टाकस हे त्यांतील एक. ट्रेलिंग जहाजाचे बलस्थान नेमके हेच की त्याचा पाइप लवचीक सांध्यांवर टांगलेला असतो, तळात रोवलेला नसतो. कठीण तळासाठी ड्रॅगहेडला दात आणि पाण्याचे जोरदार झोत जोडता येतात. ग्रँड बँक्सवरचा हिमनदीने आणून टाकलेला घट्ट थर लक्षात घेता ते तुम्हाला लागतीलच.

आणखी खोल जायचे तर एकाच पंपावर हेड वाढवत नेता येत नाही. १,००० मीटरला केवळ घनतेच्या फरकापायीच १.४ घनतेला ३७५ मीटर हेड लागेल आणि वाळू वाहून नेणारा एकच पंप एवढे हेड देत नाही, देऊ शकला तरी त्याचे पाते फार काळ टिकणार नाही. शिवाय ५० अंशांचा तिरका पाइप जवळजवळ १,३०० मीटर लांब होईल, तो जहाजावर ठेवणेच अशक्य. म्हणून २०० मीटरच्या पुढे पाइप उभा करावा लागतो, तळावर स्वतंत्र चालणारे यंत्र ठेवावे लागते आणि पंप एकामागून एक लावावे लागतात, नाहीतर पाइपमध्ये हवा सोडून मिश्रण हलके करावे लागते. २०२२ साली पॅसिफिकमधील क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्रात हिडन जेम या जहाजाने, जे मुळात तेल खोदण्याचे जहाज होते, ४ किलोमीटरहून लांब उभ्या पाइपातून हवेच्या साहाय्याने बहुधातुक गोळे वर आणून दाखवले. आपल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या वराह या यंत्राने २०२१ मध्ये मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर तळावर चालण्याची चाचणी पूर्ण केली. एवढ्या खोलीसाठीच्या जहाजांत हॉपरपेक्षा उभ्या पाइपची टांगणी, तिचा ताण आणि जहाज एका जागी स्थिर ठेवण्याची यंत्रणा यांना महत्त्व असते. ती रचना ड्रेजरपेक्षा खोल समुद्रातील विहिरी खणणाऱ्या जहाजाच्या जवळ जाते.

तुमच्या निर्णयात एकच भर घालतो. २४,००० घनमीटरला हॉपर भरायला लागणारा वेळ दोन तासांवरून तीन तासांवर जाईल, आणि ओव्हरफ्लोमधून वाहून जाणारी बारीक वाळू वाढेल. पाइपचा व्यास १.२ मीटर करून पाहा. प्रवाह सुमारे एक-पंचमांश वाढेल, पण किमान वेगही थोडा चढेल आणि मोटार ६,३०० किलोवॉटच्या पुढे जाईल. मग पाइपचे वजन, विंच आणि कल यांचे आकडे पुन्हा काढावे लागतील. पाइपखुर्ची यांनी सांगितलेल्या वाळूने बुजलेल्या पाइपच्या भाराचा हिशेब नव्या व्यासाला करून त्यावरूनच विंच निवडा.